यादीत नसलेला भाग

माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
अकरा वर्षं चंद्राच्या ताब्यात आहे.
जेवायचं मांडीवर ताटली घेऊन,
शिंकायचं खिडकीबाहेर तोंड काढून,
कारण टेबलावर आठ चाकांचे
कागदी आरे वाळत पडलेले असतात.

झेनोन ट्रामच्या कारखान्यात होता.
ग्रुजोंझमधली कुठली ट्राम वळणावर कशी कण्हते
ते झोपेतही ओळखतो.
निवृत्तीनंतर लोखंड सोडून कागद धरला:
सुरीच्या बोथट बाजूने घडीची रेघ ओढायची,
विणायच्या सुईवर पट्टी वळवायची
(सुई माझी, चार नंबरची, परत मिळालेली नाही),
आणि कापलेली प्रत्येक कड
करड्या जलरंगाने भरून घ्यायची.
"कापलं की कागद पांढरा पडतो," तो म्हणतो.
"बघणाऱ्याला कळता कामा नये की हा कागद आहे."
बघणारी मी एकटी.
मला कळतंच.

उल्याना खालच्या मजल्यावरची, खेरसोनहून आलेली.
आई मशरूमच्या शेडमध्ये रात्रपाळीला जाते,
म्हणून रात्री ती आमच्या सोफ्यावर.
पहिला महिनाभर गोंदाच्या वासाला नाक मुरडायची.
मग चाकं मोजू लागली,
आधी तिच्या भाषेत, मग आमच्या,
दर वेळी सातावर अडखळून.

झेनोनने तिला गाडी समजावली.
ही परात नाही, झाकण आहे.
दिवसा उघडतं, ऊन खातं.
रात्र झाली की मिटतं,
आणि आतला जीव
उरलीसुरली ऊब धरून गप्प बसतो.
चंद्रावरची रात्र लांब असते.

"किती?"

"आपल्या चौदा दिवसांची."

तिने जरा हिशेब केला.
"आम्ही तळघरात एकोणीस होतो,"
माझी पेन्सिल तुझ्यापेक्षा लांब आहे
असं सांगावं तशी म्हणाली.

मी नळ बंद केला.
झेनोनचा ब्रश रंगात बुडालेला, तसाच राहिला.

"आत कोण बसतं?"
"कोणी नाही. पृथ्वीवरून चालवतात."
"कोणीच नाही?"
त्याने यादी दाखवली:
एकशे बहात्तर भाग, प्रत्येकाला आकडा,
माणूस कुठेच नाही.

चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून
तिने खुर्ची कापली, नखाएवढी.
पाय तीनच झाले, चौथा कात्रीत गेला.
कडा पांढऱ्याफटक.

आता हा काय म्हणेल, मी वाट बघत होते.
याच माणसाने एकदा, मी नुसता लाल रंग सुचवला
म्हणून तीन दिवस अबोला धरला होता.

त्याने चिमटा पुढे केला.
दिवा ओढून जवळ घेतला आणि
कारखान्यातल्या साहेबाला विचारायचा
त्याच आवाजात विचारलं,
"खुर्चीचं तोंड कुठे?"

"झाकणाकडे."

पुस्तिकेत छापलंय, झाकण चिकटवून टाकावे,
उघडे किंवा मिटलेले, एकदाच काय ते ठरवावे.
त्या रात्री झेनोनने माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा मागितला,
मागितला, नेहमीसारखा उचलला नाही,
आणि दोन वाजेपर्यंत बिजागरी करत बसला.
तीन फसल्या.
चौथी अजून जरा करकरते,
सहा नंबरच्या ट्रामसारखी, तो म्हणतो, तेल लागेल.
कागदाला तेल.

आता उल्याना झोपायच्या आधी झाकण मिटते,
सकाळी बुटात पाय घालता घालता उघडते.
रविवारी आईपाशी असते, तेव्हा विसरते.
रविवारी मी सहाला उठते,
किटली ठेवते, आणि किटलीला शीळ फुटायच्या आत
ओले हात झग्याला पुसून
दोन बोटांनी झाकण उचलते.
खुर्ची जागच्या जागी असते.
कडा पांढऱ्याच. त्याने त्यांना ब्रश लावलेला नाही.

गाडी एका बाजूने काड्यापेटीवर टेकलीय.
आठवं चाक अजून व्हायचंय.
सुई त्याच्याकडेच आहे.