एकेचाळीस

फाइलीत लिहिलं होतं: पन्नासांतली एकेचाळीस उगवली.
बाजरीचं बी, विश्वामित्रीचं पाणी, चौथा दिवस.
छत्तीस वर्षं तो आकडा
एका प्रबंधातून दुसऱ्यात जात राहिला,
शेजारून मागून आणलेल्या विरजणासारखा.
मी पहिल्यांदाच दूध तापवलं.

तेवीस.
पाणी बदललं. सव्वीस.
बशा बदलल्या, टिपकागद बदलला, देव मानत नाही तरी
इनक्युबेटरला हात जोडले.
बावीस.

कँटीनमध्ये हेमांगिनी म्हणाली, आमच्याकडे तरी काय वेगळं,
मोडीतल्या एका कागदावर सगळे 'तह' वाचत आलेत,
परवा भिंग धरलं तर 'तट' दिसतो.
एका अक्षरापायी अख्खं सैन्य माघारी बोलवायचं.
मानसशास्त्रातला शाकिर चहात पाव बुडवत हसला:
मूळ प्रयोगातली परदेशी पोरं
गोळीसाठी पंधरा मिनिटं थांबली होती.
मांडवीतल्या पोरांनी गोळी तोंडात टाकली
आणि त्यालाच विचारलं, तुम्ही कशासाठी थांबलायत?

खोपकर सर कारेलीबागेत राहतात.
दार उघडून त्यांनी आधी माझ्या चपलांकडे पाहिलं.
आकडे वाचताना माझा आवाज चोरासारखा झाला,
चोरी कुणाची ते ठाऊक नसताना.
"दुसऱ्यांदा कुणी केलंच नाही," ते म्हणाले.
"मीसुद्धा. फेब्रुवारीत शिष्यवृत्ती संपली."
मग बऱ्याच वेळानं:
"बशा कुठे ठेवतेस? माझ्या पूर्वेच्या खिडकीत होत्या."
तिथं आता लिफ्ट आहे, सर.

सोमवारी ते रिक्षानं आले,
हातरुमालात गुंडाळलेला स्वतःचा चिमटा घेऊन.
एकमेकांचा कागद न बघता मोजलं.
मी पंचवीस. ते चोवीस.
पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.
भांडण एका दाण्याचं होतं:
साल तडकलेलं, आत पांढरं काहीतरी,
सुईच्या टोकाएवढं.

"याला उगवलं म्हणायचं?"
"तुम्ही तेव्हा काय म्हणायचात?"

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.
लागत नव्हती.

"आठवत नाही," सर म्हणाले.
चोवीस खोडला नाही. शेजारी पेन्सिलनं
बारीक प्रश्नचिन्ह काढलं,
चिमटा पुसून रुमालात ठेवला,
आणि उद्या नदीचं पाणी कोण आणणार, एवढं विचारलं.