डोंगरवाटेने, चौदा

बैठक अकराची. सुरू झाली साडेबाराला,
कारण प्राधिकरणाची गाडी धारवाडहून यायची होती
आणि कोंडवळची गवळी मंडळी पायी.
पायी आलेली आधी पोहोचली.

खानापूर, तालुका पंचायतीचा हॉल.
पाच टेबलं जोडून अंथरलेला नकाशा,
चार कोपऱ्यांवर चार खात्यांचे पेले, उडू नये म्हणून.
मी दुभाषी. निवृत्त मास्तर,
कन्नडात मराठी हेल, मराठीत कन्नड हेल,
दोन्हीकडे थोडा थोडा पाहुणा.

कुलगोड साहेब म्हणाले, सुंक.
मी म्हणालो, जकात. मग, पथकर. मग, टोल.
मागून मिंगेल सिद्दी ओरडला, टोल कळतोय मास्तर,
पुढचं सांगा की.

पुढचं असं होतं:
रस्तेवाल्यांना नाका हवा वळणाआधी,
वनखात्याला वळणानंतर,
हेस्कॉम विचारी, खांब कुणाच्या खर्चानं,
परिवहनचा माणूस एवढंच विचारी, बसला माफी आहे ना,
पोलीस काही बोलले नाहीत, बिस्किटं बरी होती.
प्रत्येकाकडे एक पत्र,
प्रत्येक पत्रात दुसऱ्याच्या पत्राचा संदर्भ,
आणि सगळ्यांत जुनं पत्र कुणाकडेच नव्हतं.

सिद्द्यांना नाक्यावर पोरांसाठी नोकऱ्या हव्या होत्या.
गवळ्यांना नाका पाणवठ्यापासून लांब.
त्यावरून त्यांचं आपसातही जरा झालं.
ते मी भाषांतरात घेतलं नाही.

मग कलम नऊ. सवलतीचा पास,
नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यास.
रेड्डी नावाच्या पोरसवदा सल्लागारानं कंपास टेकवला,
वर्तुळ काढलं. देखणं होतं.
कोंडवळ आत आलं, ऐसपैस.
तो हसला, आम्ही सगळे हसलो.
वनखात्याचे बेळवडी म्हणाले, आत कसं?
डोंगरातली वाट बंद आहे. रस्त्यानं मोजा.
रस्त्यानं सव्वीस भरले.

बमाबाई झोरे उठल्या. पायात प्लास्टिकचे बूट,
बुटांवर अजून ओला चिखल.
'आत्ता सकाळी आलो ती वाट बंद हाय?'
मी विचारलं. बंदच आहे, म्हणाले.
'मग आमी इथं आलोच न्हाई.'

हे मी कन्नडात सांगितलं. कुणी हसलं नाही.
एकानं हजेरीची वही उघडून बघितली.

मग त्या दुधाच्या जीपचं बोलल्या,
आठवड्यातून सहा फेऱ्या, येता-जाता नाका,
ड्रायव्हर तो पैसा दुधातनंच कापणार.
दुधाला कन्नडात हालु.
मी म्हणत होतो, दुधाचे हाल,
आणि कुलगोड साहेब मान डोलावत होते,
हालु, हालु, हौदु.

'एक तर वाट उघडा, न्हाईतर सव्विसाला पास द्या.
दोनातलं कुठलं, ते तुमी आधी एकमेकास्नी विचारून या.
आमी बसतो.'
आणि बसल्या.
पाच खाती व्हरांड्यात गेली. चहा तिकडंच मागवला.
परत आली तेव्हा ठरलं होतं: पुढची तारीख.

राहिला प्रवासभत्ता.
फॉर्मवर रकाना: कोणत्या मार्गाने, किती अंतर.
सव्वीस लिहिलं तर ते खोटं,
खरं लिहिलं तर गुन्हा.
बमाबाई म्हणाल्या, चालला तेवढं लिवा मास्तर.
मी लिहिलं. त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

जंगलातल्या प्रतिनिधींचे भत्ते वनखात्याच्या सहीनं निघतात.
बेळवडींनी आकडा बघितला, सव्विसापेक्षा कमी,
खात्याचे पैसे वाचले,
सही केली, शिक्का मारला, तारीख घातली
आणि जीपकडे गेले.

मार्ग: डोंगरवाटेने. अंतर: चौदा.

इतिवृत्त मी संध्याकाळी लिहिणार होतो.
आधी स्टँडसमोर गेलो,
त्या कागदाची झेरॉक्स काढली.
दोन रुपये.
दुकानदार म्हणाला, एकच?
म्हटलं, नको. पाच काढ.