हात लावलेली जागा

पंख साडेचार फुटी.
रेशीम गांधीनगरच्या ठोक बाजारातलं, अस्तराच्या भावानं घेतलेलं,
खाली बाल्साच्या एकोणीस फासळ्या.
उद्यमनगरात चौतीस वर्षं ओतकामाचे लाकडी पॅटर्न घासले,
तेव्हा गुळगुळीतपणाचं मला कुणी शिकवू नये
असं वाटायचं.

लॅकरचा पहिला हात दिला, सकाळी पाहतो तर
पंख पांढुरका, दुधावर साय धरावी तसा.
पंचगंगेवरून रात्री ओल आली, रंगात शिरून बसली.
थिनरचा विरळ फवारा मारून
उन्हं तापेस्तोवर थांबलो.
साय विरघळली. ते सोपं होतं.

ओघळ होता, तो ब्लेडनं उतरवला.
एक चिलट चिकटलं होतं पाय पसरून.
सुईनं उचललं, पायांचा ठसा मागं राहिला.
चारशे नंबरचा कागद भिजवला, साबणाचं बोट फिरवलं
आणि घासत बसलो.
फासळीवर जपायचं असतं.
जिथं हाड वर येतं तिथंच कागद आधी कापतो,
मधल्या पोकळीवर नुसता हात फिरवतो.
सातव्या फासळीवर कापलंच.
टिकलीएवढं रेशीम, कडेचे दोरे मोकळे सोडून, वर डकवलं.

पण टोकाजवळ पाच डाग.
तिथं रंग बसेचना.
लावला की मागं सरायचा,
मधे उघडं रेशीम, भोवती जाड कड,
बाजारातल्या माशाच्या डोळ्यासारखं.
पुसलं, घासलं, पुन्हा लावला;
पाचही डोळे पुन्हा उघडे.
शेवटी माझा पंजा त्यावर धरून पाहिला.
बोटं जुळली.
माझी थोडी लांब पडली.

शेजारचे डोईफोडे.
दारात बसून चपलांना एरंडेल चोळत होते त्या दिवशी,
उठून आत आले, "लई हलकं असंल की हो हे,"
आणि पंखावर पंजा ठेवला.
मी ओरडलो,
"हात लावू नका!"

रंगासाठी ओरडलो होतो. तेलासाठी.
पण ते वाक्य माझ्या जन्माआधीपासून या गल्लीत आहे,
माझ्या आज्याच्या तोंडात होतं,
त्याला कुठं रंगकाम करायचं होतं?
डोईफोड्यांनी हात मागं घेतला.
केवढ्या सवयीनं घेतला,
हे मला दोन दिवसांनी दिसलं,
डाग घासताना.

थिनरची चिंधी फिरवायची, चिंधी बदलायची, पुन्हा फिरवायची.
एकच चिंधी वापरली तर तेल नुसतं पसरतं.
सहाव्या चिंधीला डाग गेले. रंग बसला.
आता तिथं काही झालं होतं
असं कुणी म्हणणार नाही.
मला मात्र त्यानं बरं वाटेना.
गुजरीतल्या मेव्हण्याच्या काट्यावर पंख तोलला,
अकरा ग्रॅम वाढला होता,
सगळं झाकत बसलो त्याचे.

शेंडा पार्कच्या माळावर रविवारी डोईफोडे आले.
तीनदा बोलावलं तेव्हा आले.
अंगाला धुण्याच्या साबणाचा वास,
दोन्ही हात पाठीमागं.
विमान लांबून बघितलं, "रंग झ्याक बसलाय," म्हणाले.
वारा पश्चिमेचा होता, बेताचा.
याला मोटार नाही, कुणीतरी धरून पळायला लागतं,
आणि माझा गुडघा गेलाय.
"धरा," म्हटलं.
"तेल असतंय हाताला. राहू दे."
"असू दे."
त्यांनी शर्टाला हात पुसले.
पुन्हा पुसले.
तिसऱ्यांदा पुसायला लागले
तसं मी विमान त्यांच्या पंजात ठेवलं
आणि बाजूला झालो.

पंख वाऱ्यानं थरथरत होता.
"आता?" त्यांनी विचारलं.