चौदा नंबर

आमचं खातं पर्जन्य जलवाहिन्यांचं,
म्हणजे शहरातलं पाणी समुद्रात पोचवायचं,
आणि शनिवारी दुपारी तीनला शिवडीच्या मैदानावर
पाणी आमच्या पोटऱ्यांपर्यंत.
बेकरीवाले यावर हसले. हसू देत.

अकरातले चार पंपांवर, भरतीची वेळ चारची.
सात उरलो. सातच्या खाली सामना बाद,
हा नियम मस्करेन्हस सरांनी छत्रीखालून दोनदा सांगितला,
मग छत्री मिटून गोलच्या खांबाला टेकवली
आणि शिट्टी फुंकली. आधी नुसतं पाणीच आलं तिच्यातून.

मी गोलकीपर. वय सेहेचाळीस, उजवा गुडघा दुसऱ्याच कुणाचा तरी.
सकाळी फक्कीनं मारलेल्या रेघा
दुधासारख्या पसरत कोपऱ्याकडे निघालेल्या.
दोन खांबांमध्ये कुठेतरी रेघ आहे
असं मनाशी धरून उभा होतो.
पलीकडचा गोल दिसतच नव्हता.
आपला कुणी गोल करतोय की घसरून पडतोय
हे आरडाओरड्यावरून ओळखायचं,
आणि आरडाओरडा दोन्हीचा सारखाच.

लाथ मारावी तर पाणी उडायचं, चेंडू तिथेच,
डुंबणाऱ्या म्हशीसारखा.
दिगंबर शेलटकरला मात्र जमलं होतं.
मॅनहोलची झाकणं उचलून कमावलेला गडी,
तो चेंडू ढकलतच नव्हता, पाणी ढकलायचा,
चेंडू आपोआप सोबत यायचा.

मध्यंतराला शून्य-शून्य.
कटिंग घेतला हातात, पीत राहिलो,
संपेचना.

मग मुजम्मिल सुटला.
असेल एकोणीसचा. पहाटे तीनला भट्टी पेटवणारा,
नखांत अजून कणीक.
शेलटकरच्या डावीकडून, कोळीच्या उजवीकडून, माझ्या वरून.
मी आडवा. चेंडू मागे गेला
आणि थांबला.
खांबांच्या मधोमध, डबक्यात,
जागच्या जागी गरगरत.
आत की बाहेर? रेघ तर केव्हाच गटारात पोचलेली.
सर वाकले, चष्म्यावरून ओघळ. मलाच विचारलं,
"तुला काय वाटतं रे?"
पंचवीस वर्षं लोक मला विचारतायत
पाणी कुठपर्यंत येईल म्हणून.
मी कधी सांगू शकलोय?

तेवढ्यात खांबामागे पिशवीत गुंडाळलेला फोन वाजला.
तीन नंबरचा पंप बंद. शेलटकर हवा, आत्ताच्या आत्ता.
त्यानं जर्सी काढून माझ्या हातात दिली
आणि गेला स्कूटरवर,
उघडाच.

सहा.
सर घड्याळ बघू लागले. आम्ही इकडेतिकडे बघू लागलो.
घरी जायची कुणाचीच इच्छा नाही, हे बोलणार कोण?
बेकरीचे कप्तान नूरआलमचाचा
दाढीतलं पाणी निपटत पुढे आले. "इसको रख लो,"
आणि मुजम्मिलला बखोटीला धरून आमच्यात उभा केला.
नियमात कुठे बसतंय हे?
सरांनी चष्मा काढला, खिशात ठेवला,
"मला काही दिसत नाही," म्हणाले. खोटं नव्हतं.

पोरानं शेलटकरची चौदा नंबर चढवली.
त्याच्यासारखे दोन मावले असते आत.
चेंडू अजून तिथेच होता,
त्याच्याच पायानं आलेला, गरगरत.
दोन पावलं मागे सरून त्यानं असा काही उडवला मैदानाबाहेर
की पाण्याचा अख्खा पडदा माझ्या तोंडावर.
वाद मिटला.
जाता जाता मात्र हळूच म्हणाला,
"अंदर था, अंकल."

पुढे किती वेळ खेळलो कोण जाणे.
कोण जिंकलं ते दोन्हीकडचे वेगवेगळं सांगतात,
सरांच्या कागदावर तर निळा डागच.
एवढं आठवतं, की कधीतरी खाली पाहिलं
तर पाणी घोट्यावर उतरलेलं,
चिखलात चक्क गवत दिसत होतं,
आणि आम्ही सगळे, बेकरीवालेसुद्धा,
पूर्वेकडे तोंड करून ओरडलो,
"शेलटकर! शेलटकर!"

जर्सी काही परत आली नाही.
सोमवारी स्टोअरकीपरनं रजिस्टर पुढे सरकवलं,
नग एक कमी, कारण लिहा.
मी लिहिलं, पावसात वाहून गेली.
आमच्या खात्यात हे कारण चालतं.