एकनिष्ठ

रुमाल नंबर एकशे बारा. गाठ सोडली
की आधी शिंक येते, मग अठरावं शतक.
मास्क लाव गं, म्हणतात बागवान सर.
मी लावत नाही. वासावरून कळतं
कुठल्या कागदाला कसर लागलीय
आणि कुठला एकदा भिजून वाळलाय.

कुसाजी ढवण, शिलेदार. घोडी स्वतःची, पंचकल्याणी.
मौजे आंबवणी. वारणेच्या अलीकडं शेत, पलीकडं घर.
गादी एक होती तोवर
त्यानं कुणाला ओळ लिहिल्याचं दिसत नाही.
दोन झाल्या
आणि माणूस लिहायला बसला.

पहिलं पत्र पन्हाळ्यास:
बेलभंडार उचलोन लिहितो, चरणांवेगळा ठाव नाही,
सेवक एकनिष्ठ. घोडीस चंदी मिळावी.

दुसरं आठ महिन्यांनी, साताऱ्यास:
बेलभंडार उचलोन लिहितो, चरणांवेगळा ठाव नाही.
चंदीसुद्धा तितकीच मागितलीय, पायलीचा फरक नाही.

तिसरं पुन्हा पन्हाळ्यास.
धाकटा भाऊ भिवजी हरामखोर जाला, तिकडे गेला,
त्याचे तोंड पाहणार नाही.
आणि त्याच आठवड्याची, त्याच हातची, चिठोऱ्यावर नोंद:
भिवजीचे वाट्याचे जोंधळे पेवात ठेविले. तोंड लिंपिले.

साताऱ्याचं पत्र कोल्हापूरच्या दफ्तरात कसं?
सर म्हणतात, वाटेत पकडलं असणार, जासूद कापला असणार.
सरांना जासूद कापायला आवडतं.
मला वाटतं, त्यानं धाडलंच नाही.
लिहून बघितलं, कसं वाटतंय.

मोडी शिकताना पहिल्या दिवशी सांगितलेलं:
आधी पानभर रेघ ओढायची,
मग तिला अक्षरं टांगायची.
बोरू उचलायचा नाही.
कुसाजीची रेघ सरळ आहे, पाचही पत्रांत.
खाली कोण टांगलंय
ते रेघेला कुठं विचारायचं?

चौथ्यात लढाई. वारणेचा उतार, पाणी घोड्याच्या पोटाला.
फत्ते जाली, शत्रूचे नव माणूस पडिले.
भिंग धरलं तर दिसतं:
'शत्रू'च्या खाली आधी दुसरं काहीतरी लिहिलेलं.
दोनच अक्षरं. पहिलं 'भा' वाटतं.
भाला असेल, म्हणाले सर.
मी भिंग सरकवलं नाही.

घरी आमचा दिगंबर
तीन वर्षांत तीन रंगांचे मफलर घालून आला.
आई प्रत्येक वेळी म्हणाली, धू रे, रंग जातोय.
माझा करार अकरा महिन्यांचा; दर वेळी
नवीन साहेबाला तेच लिहून देते:
प्रामाणिकपणे काम करीन. तारीख तेवढी बदलते.
मी कुणाला बेइमान म्हणू?

पाचव्या पत्राला मायना नाही.
वर चार बोटं जागा कोरी.
खाली सगळं जिथल्या तिथं: बेल, भंडार, चरण, एकनिष्ठ.
चंदी मागितलेली नाही.
घोडी श्रावण वद्य पंचमीस गेली, एवढंच जादा,
आणि सही.

शाई टिपायला टाकलेली वाळू
अजून अक्षरांना चिकटलीय.
बोट फिरवलं तर दोन-चार कण टेबलावर पडतात.
वारणेची असावी. कुठल्या काठची,
ते कण बघून सांगता येत नाही.

सूचीत एक रकाना आहे: पक्ष.
करवीर किंवा सातारा, एकावर खूण करायची.
मी आधी लिहिलं, घोडी. मग खोडलं.
सर रजिस्टर घेऊन उभे.
हे रिकामं का?

लिहिते, म्हटलं.
आधी रेघ तरी ओढू द्या.