सोमवार ते शनिवार

एप्रिलात, सकाळी सहाला, पोस्टातून फोन :
"बाई, तुमचं पार्सल चिवचिवतंय.
लवकर न्या, इथं कुणाला काम सुचत नाहीये."

पुठ्ठ्याचं खोकं, बोट जाईल एवढी भोकं,
आत सहा.
मागवल्या होत्या पाच.
वाटेत एखादं दगावतंच,
म्हणून हॅचरीवाले एक वरचं टाकतात.
एकही दगावलं नाही.

सिल्वीनं नावं ठेवली (चांगल्या अर्थानं) :
सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार.
रविवार कोण?
"रविवारी सुट्टी असते, आई."

सरोवरावरचा बर्फ फुटून किनाऱ्याला लागला
तेव्हा माझ्या वडिलांची मासेमारीची खोपटी
ट्रेलरवर घालून परसात आणली.
याच फळकुटांत बसून तोइवो निएमेला यांनी
चाळीस हिवाळे गोठलेल्या पाण्याला भोक पाडून
वाट बघितली,
बोलले फार थोडं.
आता तिथं दांडी, पेंढा, चार पेट्या,
आणि दिवसभर न संपणारी कुजबुज.
जमिनीतल्या गळाच्या भोकावर
मी कॉफीच्या डब्याचं झाकण ठोकलं.
चार खिळे. पुरेत म्हटलं.

सोमवार सगळ्यांची मुकादम.
मंगळवारला धुळीत लोळायचा नाद,
बुधवार अंडं घालायची एक
आणि अख्ख्या गल्लीत दवंडी पिटायची.
शुक्रवार दर महिन्याला खुडूक,
हात घातला की फुगून ढालगज.
शनिवारचं अंडं निळसर,
धुक्यातल्या पाण्यासारखं.
गुरुवारबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.
पायांत पायांत यायची, एवढंच.

दवंडीनं व्हायचं तेच झालं.
नगरपालिकेचे ओडेगार्ड वही घेऊन आले.
नियम : पाच कोंबड्या, कोंबडा नाही.
सिल्वीनं मागच्या दारानं शनिवारला उचललं,
न्हाणीघरात टबात ठेवून पडदा ओढला.
ओडेगार्डनी बोट नाचवत मोजलं. पाच.
मग म्हणाले, "हात धुवू का जरा?"

कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं म्हणतात;
इथं झाकलेल्या कोंबडीनं
टबात अंडं घातलं
आणि ते गडगडत गेल्याचा आवाज
स्वयंपाकघरापर्यंत आला.
नळ बराच वेळ चालू राहिला.
बाहेर आले ते हात पुसत,
वहीत आधीच लिहिलेल्या पाचखाली
एक रेघ ओढली, आणि म्हणाले,
"टब स्वच्छ ठेवता तुम्ही."

जानेवारी. उणे एकतीस.
तुऱ्यांना व्हॅसलीन चोळत होते रोज रात्री,
अंडी गोठून तडकायची, खिशात घालून आणायची.
मला भीती थंडीची होती.
आलं ते बर्फासारखंच पांढरं,
मुंगसाचं बारकं भावंड,
शेपटीचं टोक तेवढं काळं.
झाकणाचा एक खिळा उचकटलेला.
वडील ज्यातून गळ सोडत
त्याच भोकातून ते वर आलं.

सकाळी पाच जणी दांडीवर, अंगाला अंग लावून,
आणि खाली गुरुवार.
जखम इतकी लहान, की पिसं बाजूला सारून शोधावी लागली.

जमीन लोखंडासारखी. पुरता येईना.
टॉवेलात गुंडाळून गॅरेजात ठेवली,
एप्रिलपर्यंत.
सिल्वीनं विचारलं, "आता आपण नियमात बसतो ना?"
मी हो म्हटलं.
ती शाळेच्या बसकडे गेली, मागे न बघता.

भोकावर आता जाड पत्रा आहे, बावीस खिळे.
अंधार पडायला लागला की दार लावायला जाते,
टॉर्चच्या उजेडात मोजते :
सोमवार, मंगळवार, बुधवार,
शुक्रवार,
इथं जीभ अडखळते, परत पहिल्यापासून.
आत कुणीतरी झोपेत कुरकुरतं, दिवा नको म्हणून.
मी कडी लावते.
मग पुन्हा काढते.