भांडकुदळ

बोटाएवढा निळा, शेपटी पिवळी.
दुकानदार म्हणाला होता, गरीब आहे.
त्या दिवसापासून जोकरमासा हीटरमागं,
आणि काच पुसायला हात घातला
तर हा मलाच चावला.

जाळीत येईना. मग बिसलेरीचं तोंड कापून
उलटं बसवलं, आत कोळंबीचा तुकडा.
पहिल्या रात्री गोगलगाय अडकली,
दुसऱ्या रात्री जोकर.
हा बाहेरून बघत राहिला, वॉचमनसारखा.

रविवारी सगळे दगड काढले, एकेक करून.
बादल्या भरल्या, टब भरला, शेवटी कुकर.
बायको काही बोलली नाही,
नुसती कुकरकडे बघत उभी राहिली.
चार बोटं पाणी, लपायला काही नाही,
तेव्हा तो एकदम लहान दिसायला लागला.

पिशवीत थोडं पाणी, बाकी हवा, दोन रबर.
आष्ट्याच्या तौफिक मुजावरची टाकी रिकामी आहे.
स्कूटरवर मागं केतकी,
पिशवी स्वेटरात गुंडाळून पोटाशी.

आयर्विन पुलावर म्हणाली,
पप्पा, खाली एवढं पाणी आहे की.
गोडं आहे गं, मरंल.
अख्खी कृष्णा,
आणि याच्या कामाचं पाणी
तिच्या हातातलं तेवढंच, लिटरभर,
मी परवा पोत्यातलं मीठ मोजून कालवलेलं.

तौफिक म्हणाला, किती देऊ?
काही नको. फक्त परत आणू नकोस.

रात्री दिवा लावून बघितलं.
जोकर अजून हीटरमागंच.
तो गेलाय, हे याला
कुणी सांगायचं?